अभय सोसायटीची संकटकालीन खिडकी

'मनुष्याच्या जिवाहून मोलाचे या जगात काही नाही.'

हे वाक्य अभय सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फळ्यावर चेअरमन निऱ्हाळे यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्याखाली, त्याच अक्षरात, लिहिलं होतं: 'गुरुवारी सकाळी दहा ते एक अग्निशमन अधिकारी पाहणीस येत आहेत. तळघरातील बिऱ्हाडाने त्या वेळेत घरी नसल्यासारखे राहावे.'

तळघरातलं बिऱ्हाड म्हणजे आम्ही. मी आणि माझी बायको शरयू.

"नसल्यासारखं म्हणजे कसं हो?" शरयूने विचारलं. तिला सातवा महिना लागला होता. जिना उतरताना तिचा एक हात कठड्याला असे आणि एक कमरेला. "नसायचं, की असून नसायचं?"

"वर विचारून येतो," मी म्हणालो. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि कुठलीही गोष्ट वर विचारून यायचो.

आमची इमारत नाशकात, एका उतारावर होती. रस्त्याकडून पाहिलं तर चार मजले, मागच्या बागेकडून पाहिलं तर साडेचार. तो अर्धा मजला आमचा. बिल्डर त्याला लोअर ग्राउंड म्हणे, मंजूर नकाशात तो 'साठवण' होता आणि सोसायटीतली सगळी मंडळी प्रेमाने 'खाली' म्हणत. एक खोली, पडद्याआड स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. दार एक. दाराबाहेर वर जाणारा जिना एक. त्या जिन्याखाली सबंध इमारतीच्या विजेच्या मीटरांचं लाकडी कपाट, आणि आमच्या दारासमोर सोसायटीची अडगळ: सतरंज्या, मंडपाच्या कनाती आणि गणपतीचं थर्माकोलचं देऊळ. हे देऊळ तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मेव्हण्याने कोरलं होतं आणि ते टाकून द्यायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

उजेडासाठी छताजवळ एक झरोका होता. त्यातून बागेत फिरणाऱ्यांचे घोटे दिसत. कोण कुठल्या चपला घालतं, कोणाच्या टाचांना भेगा आहेत, हे आम्हाला तोंडपाठ होतं. चेहरे मात्र जिन्यात भेटले तरच.

त्या मे महिन्यात मीटरच्या कपाटात एकदा चरचर झाली, जळका वास आला आणि दहा मिनिटं दिवे गेले. एवढंच झालं. पण तेव्हापासून शरयू दाराकडे तोंड करून झोपायची. रोज संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "या घराला एकच दार आहे." मीठ संपत आलंय, अशा आवाजात. आणि मी म्हणायचो, "बोलतो चेअरमनांशी."

बोलत नव्हतो. कारण साधं होतं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होतो, आणि त्या भागात आमच्यासारख्याला दुसरं कोणी घर देत नव्हतं. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं होतं: साठवणीत माणसं कशाला हवीत? बाळ दोन महिन्यांवर आलेलं. दार एक असलं, तरी ते आमचं होतं.

तर मी वर गेलो.

चेअरमन अच्युतराव निऱ्हाळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी उभ्या नोकरीत तीन धरणं बांधली. पैकी दोन गळत होती. तिसऱ्यात पाणीच येत नसल्यामुळे त्याची परीक्षा व्हायची होती. शेजारी सेक्रेटरी सौ. टिल्लू बसल्या होत्या, मांडीवर फाइल घेऊन.

"बसा सर," चेअरमन म्हणाले. "जीव महत्त्वाचा आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर. यंदा शहरातल्या क्लबाच्या आदर्श सोसायटी स्पर्धेत आपण उतरतोय. त्यांना अग्निशमनचा दाखला लागतो. नकाशात खाली काय लिहिलंय? साठवण. आपण काय दाखवणार? साठवण. यात खोटं कुठे आहे?"

"खाली आमचा पलंग आहे."

"पलंग म्हणजे सामानच की."

"पाळणा मात्र हलवा हं," टिल्लूकाकू म्हणाल्या. "पाळण्याचं काय सांगायचं? आणि दारावरची पाटी काढा. शरयूला म्हणावं, वर आमच्याकडे येऊन बस. पाय वर करून पड जरा."

"चेअरमनसाहेब," मी धीर करून म्हणालो, "त्यापेक्षा बागेच्या बाजूला एखादी खिडकी पाडली तर..."

निऱ्हाळ्यांनी चष्मा काढला. "खिडकी? सर, तुम्ही शिकलेले. खिडकी मागितली की साहेब विचारणार, कोणाला हवी? सतरंज्यांना वारा लागतो का? मग तुम्हाला जावं लागेल. मी इथे तुमच्यासाठीच खटपट करतोय, आणि तुम्हीच..."

मी त्यांचे आभार मानले. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी आभार मानले.

खाली येऊन शरयूला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती माणसं येणार आहेत?"

"दोन. का?"

"काही नाही."

गुरुवारी सकाळी आमचं घर साठवण झालं. पाटी निघाली. पाळणा टिल्लूकाकूंच्या गॅलरीत गेला. पलंगावर सतरंजी पसरून तिच्यावर थर्माकोलचं देऊळ चढवलं. शरयू "येते हो काकू" म्हणत वर गेल्याचं मी स्वतः पाहिलं. मला कॉलेजात जायचं होतं, पण फाइल धरायला एक सुशिक्षित माणूस हवा म्हणून चेअरमननी थांबवून घेतलं.

अधिकाऱ्यांचं नाव गांगुर्डे, बरोबर एक मदतनीस. गांगुर्डे म्हणजे सडपातळ माणूस, खिशात मोजपट्टी, डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याची चकाकती कातडी. फार बोलत नव्हते. दुसऱ्या मजल्यावर चपलांच्या कपाटामागून आग विझवायचं लाल नळकांडं त्यांनी ओढून काढलं.

"हे शेवटचं कधी भरलं?"

"भरलेलंच आहे," चेअरमन म्हणाले. "जड आहे बघा."

गांगुर्ड्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग तळघर.

जिन्याखालच्या मीटरच्या कपाटापाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग आमच्या खोलीत आले.

"इथे कोण राहतं?"

"छे छे! साठवण," चेअरमन म्हणाले. "नकाशाप्रमाणे."

गांगुर्ड्यांनी पलंगाकडे बघितलं. "देऊळ पलंगावर?"

"देवाचं आहे," टिल्लूकाकू म्हणाल्या. "जमिनीवर कसं ठेवणार?"

या उत्तरात चूक काढणं अवघड होतं. साहेबांनीही काढली नाही. ते वळणार एवढ्यात ओट्याचा पडदा सरकला आणि हातात ट्रे घेऊन शरयू बाहेर आली. चांगली साडी, केसात अबोली, ट्रेमध्ये पाच कप.

"चहा घ्या साहेब. साखर बेताची घातलीय. लागली तर सांगा."

देवळाच्या कळसाची एक थर्माकोलची गोळी सुटून जमिनीवर पडली, तीही ऐकू आली असावी.

"ह्या कोण?" गांगुर्ड्यांनी विचारलं.

"ह्या... ह्या वरच्या..." चेअरमन म्हणाले.

"मी इथलीच," शरयू म्हणाली. "हे आमचं घर. आल्या माणसाला घोटभर चहा नको का विचारायला?"

"अगं, तू वर होतीस ना?" टिल्लूकाकू पुटपुटल्या.

"होते काकू. पण साहेब आपल्या घरी यायचे आणि आपण शेजारी जाऊन पडायचं, हे बरं दिसतं का? तुम्हीच सांगा."

टिल्लूकाकू काय सांगणार? हळदीकुंकवाला आलेल्या बाईला तिळगूळ न देता पाठवलं म्हणून त्यांनी एका घराशी चार वर्षं अबोला धरलेला होता. आणि चेअरमननी तोवर सवयीने कप उचलून बशीत चहा ओतलाही होता. परक्याच्या साठवणीत उभा राहून कोणी असा फुंकर मारत चहा पीत नाही. ते त्यांनाही कळलं, पण अर्धी बशी पोटात गेल्यावर.

गांगुर्ड्यांनी चहा सगळा संपवला. मग स्टुलावर चढून झरोक्याला मोजपट्टी लावली.

"दीड फूट बाय नऊ इंच. यातून मांजर जाईल."

"सातव्या महिन्यातली बाई?" शरयूने विचारलं.

ते हसले नाहीत. स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "ताई, जिना पेटला तर कुठून बाहेर पडणार तुम्ही?"

"तेच मी ह्यांना रोज विचारते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी देवळाकडे बघितलं.

"खरं तर तळघरात राहताच येत नाही," गांगुर्डे वहीत लिहीत म्हणाले. "मी हे आत्ता रिकामं करायला लावू शकतो."

शरयूने ट्रे दोन्ही हातांनी धरला, पण मान खाली घातली नाही. त्यांनी ते पाहिलं असावं. एक मिनिट ते बागेकडच्या भिंतीला हात लावून उभे राहिले.

"ही बाजू उतारावर उघडी आहे. झरोक्याच्या पुढे जमीन आणखी खाली येते. त्यामुळे विचार करता येईल. पंधरा दिवस देतो. इथे खिडकी पाडा. तीन फूट बाय तीन फूट, मोकळी. आतून उघडली पाहिजे. किल्ली नको, पाना नको, हाताने. गज नाहीत. बाहेर समोर काही ठेवायचं नाही. मीटरचं कपाट जिन्याखालून हलवा. थर्माकोल आजच्या आज बाहेर. यातलं एक जरी राहिलं, तर दाखला नाही आणि बिऱ्हाडही नाही."

"गज नाहीत?" टिल्लूकाकूंनी विचारलं. कुंकू पुसा म्हटल्यासारखा आवाज होता तो.

"गज नाहीत."

ते गेल्यावर मी शरयूवर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "काय केलंस हे? घर गेलं असतं आपलं!"

"गेलं असतं," ती कप विसळत म्हणाली. "चेअरमनांचा कप राहिलाय बघा तिकडे. देवळावर."

खिडकी बाराव्या दिवशी झाली. स्पर्धेचा अर्ज भरायचा होता म्हणून झाली, हे वेगळं सांगायला नको. भिंत फोडताना चेअरमन खुर्ची टाकून बसले होते आणि गवंड्याला धरणाचे किस्से सांगत होते. गांगुर्डे आले. त्यांनी एका बोटाने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"ताई, बाहेर येऊन दाखवा."

शरयू स्टुलावर चढली, एक पाय खिडकीत, मग दुसरा, आणि हळूच बागेत उतरली. क्रोटनच्या कुंड्यांमध्ये उभी राहून तिने आत माझ्याकडे बघितलं. या झरोक्याच्या बाजूने तिचा चेहरा मला प्रथमच दिसत होता. एरवी तिथे घोटे असत. ती हसत होती.

"मीटरचं कपाट?" गांगुर्ड्यांनी विचारलं.

"पुढच्या टप्प्यात," चेअरमन म्हणाले. "वीज मंडळाला पत्र गेलंय." पत्राची प्रत फाइलमध्ये खरंच होती. पत्र फाइलमध्येच होतं, एवढं सोडलं तर.

"महिनाभरात परत येईन," असं बजावून, तशी अट घालून त्यांनी सही केली.

मग उद्घाटन झालं. खिडकीला लाल फीत बांधली, नारळ फुटला, आणि बाहेरच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसली: 'संकटकालीन खिडकी. उद्घाटक श्री. अच्युतराव निऱ्हाळे.' तारीख, तिथी, सगळं. पेढे वाटले. शरयूची ओटी भरून नारळ दिला.

आणि पुढच्याच रविवारी खास सभा बोलावली. विषय एकच: गज.

"तीन बाय तीनचं भोक," टिल्लूकाकू म्हणाल्या. "चोराला पाट-पाणीच मांडलंय की आपण."

"आतून कडी आहे," मी म्हणालो.

"सर, चोर काय कडी वाजवून येतो?"

"पण साहेबांनी गज नको म्हणून सांगितलंय."

"साहेब नोकरीपुरते," चेअरमन म्हणाले. "चोर रोज येऊ शकतो. आग कधीतरी लागते. हिशोब करा." ही गोष्ट सर्वांना पटली. जन्मल्यापासून ज्यांनी गजांशिवायचं आभाळ बघितलेलं नाही, त्यांना मोकळी खिडकी म्हणजे उघड्या अंगाने बाजारात जाणं. शेवटी मध्यममार्ग निघाला: गज बसवायचे, पण बिजागरीवर. त्याला आतून कुलूप. आणि किल्ली चेअरमनांच्या देवघरात, म्हणजे हरवायला नको.

"आग लागली की मला हाक मारा," चेअरमन म्हणाले. "मी घरीच असतो."

ठराव एकमताने मंजूर. एकमतात माझाही हात वर होता.

शरयू मागे भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, ती आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "कुलूप मी आणते काका. मला गावात जायचंच आहे."

"बघा!" टिल्लूकाकू सभेला म्हणाल्या. "पोर समजूतदार आहे. त्या दिवशी जरा भांबावली होती, एवढंच."

तिने आणलेलं कुलूप चांगलं वजनदार, पितळी होतं. चेअरमननी स्वतः खाली येऊन ते लावलं, किल्ली फिरवली, खटका वाजल्यावर "उत्तम" म्हणाले आणि किल्ली घेऊन वर गेले.

परीक्षक आले त्या रविवारी सकाळी अकराला पुढच्या अंगणात मंडप होता. क्लबाचे तिघे. दोन पुरुष आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. चेअरमननी मला अहवाल वाचायला उभं केलं होतं. आवाज बरा म्हणून. शरयूच्या पायांना सूज आली होती. "तुम्ही व्हा पुढे, मी पडते जरा," म्हणून ती खालीच राहिली.

थर्माकोलचं देऊळही त्या दिवशी कामाला आलं होतं. साहेबांच्या हुकमाप्रमाणे ते आमच्या दारासमोरून हललं होतं: तीन पायऱ्या वर, जिन्याच्या वळणावर. परीक्षक आत शिरले की डोळ्यात भरावं म्हणून त्यात रंगीत दिव्यांची माळ सोडली होती. माळेची वायर कुठे जोडायची हा प्रश्न पडला नव्हता. खाली मीटरचं कपाट होतंच.

मी कलम सहावर आलो. "'अग्निसुरक्षा. आमच्या संस्थेत जीविताच्या रक्षणास सर्वोच्च...'"

"धूप छान आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"जरा जास्त झालाय," शेजारचे परीक्षक म्हणाले आणि खोकले.

मी वर बघितलं. इमारतीच्या दारातून धूर येत होता. काळा, दाट, जळत्या प्लॅस्टिकच्या वासाचा. मग आत काहीतरी फट्कन फुटलं आणि वळणावर नारिंगी उजेड नाचायला लागला.

मी धावलो. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो असेन, तिसरी दिसली नाही. घशात कोणीतरी मूठ कोंबल्यासारखं झालं. वितळलेलं देऊळ ठिबकत होतं, पेटतं ठिबकत होतं. मी "शरयू!" म्हणून ओरडलो, ते मलाच ऐकू आलं नाही. मागे फिरून अंगणात आलो.

"किल्ली!" मी निऱ्हाळ्यांच्या बंडीला धरून ओरडलो. "खिडकीची किल्ली!"

"देवघरात!" ते म्हणाले आणि वर बघून हाका मारायला लागले. जिन्याने जाणं शक्यच नव्हतं. "अगं ए! किल्ली टाक! किल्ली!"

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांची बायको आली. "कुठली?"

"खिडकीची! देवघरातली!"

"देव आत्ताच उजळायला काढलेत. थांबा, बघते कुठे ठेवली..."

"लवकर!"

त्या आत गेल्या. आग पुढे सरकत होती आणि वर कोणीतरी ताम्हनं सारत होतं, तो आवाज येत होता. मग त्या बाहेर आल्या, किल्ली रुमालात बांधली आणि नेम धरून खाली टाकली.

किल्ली मंडपाच्या कापडावर पडली आणि तिथेच राहिली.

आम्ही सगळे मंडपाखाली गोळा झालो. वर कापडात एक छोटासा फुगवटा दिसत होता. कोणी झाडू आणला, कोणी काठी. टिल्लूकाकू "इकडून, इकडून ढोसा" म्हणत होत्या. चेअरमन खुर्चीवर चढले. परीक्षकांपैकी एकाने खुर्ची धरली. मी हात पसरून खाली उभा होतो, कॅच घ्यायला. खिडकी माझ्यापासून चाळीस पावलांवर होती. भिंतीला वळसा घातला असता तर मी तिच्यापाशी असतो, गज उपटले असते, नाहीतर निदान तिला दिसलो असतो. ते माझ्या डोक्यात आलं नाही. किल्लीशिवाय तिकडे जाऊन काय करणार, असं वाटलं. मी कापडाकडे बघत राहिलो.

"काय शोधताय?" मागून कोणीतरी विचारलं.

"किल्ली," मी म्हणालो.

"कशाची?"

मी वळलो. शरयू उभी होती. एका हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी, एक हात कमरेला. साडीच्या ओच्याला क्रोटनचं एक पान अडकलेलं.

"गॅस बंद केलाय मी," ती म्हणाली. "खुर्ची द्या जरा. चेअरमन उतरले की."

बंब आला, बरोबर गांगुर्डेही. वीस मिनिटांत सगळं शांत झालं. देऊळ गेलं, मीटरं गेली, आमचं दार, पडदा आणि पलंग गेला. गांगुर्डे बुटांनी चिखल तुडवत बागेत गेले. आम्ही मागोमाग. खिडकी सताड उघडी, गजाचं दारही उघडं, आणि कोयंड्यात कुलूप लोंबत होतं. त्यांनी ते हातात घेतलं, दाबून बंद केलं. खटका वाजला. मग नुसतं ओढलं. कुलूप उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा ओढलं.

त्यांनी शरयूकडे बघितलं.

"कुठून घेतलं, ताई?"

"जुन्या बाजारातून. तो विकणारा म्हणाला, बाई, हे कामाचं नाही, दुसरं न्या. मी म्हटलं, हेच द्या."

"चांगलं आहे," गांगुर्डे म्हणाले. माझ्या आठवणीत ते तेव्हा पहिल्यांदा हसले. मग चेअरमनांकडे वळले आणि हसू मावळलं.

चेअरमन मात्र परीक्षकांना सांगत होते, "म्हणूनच आम्ही ही खिडकी केली. दूरदृष्टी."

दुपारी शरयूच्या मावसभावाच्या घरी आम्ही दोघं बसलो होतो. तिने पाय गरम पाण्यात सोडले होते. मी बराच वेळ धीर गोळा करत होतो.

"कुलपाचं मला का नाही सांगितलंस?"

ती पाण्यात पाय हलवत राहिली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "तुम्ही चेअरमनांना सांगितलं असतं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग खरंच विचार केला. सभा आठवली, फाइल आठवली, वर जाणारा जिना आठवला.

सांगितलं असतं.

आम्ही अभय सोसायटीत परत गेलो नाही. मुलगी पुढच्या महिन्यात झाली. तिला आम्ही दोन दारांच्या घरात आणलं, गावाबाहेर, लांब. कॉलेजला जायला दोन बस लागायच्या. त्या वर्षीची आदर्श सोसायटीची ढाल अभयला मिळाली. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं की, अग्निसुरक्षेची प्रत्यक्ष प्रचीती देणारी ही स्पर्धेतली एकमेव संस्था.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी टिल्लूकाकूंकडे गेलो होतो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. निघताना मागच्या बागेत डोकावलो. संगमरवरी पाटी जागेवर आहे. खिडकीच्या जागी काचेचं कपाट बसवलंय आणि त्यात ढाल ठेवलीय, कारण ढालीला ऑफिसात जागा नव्हती. ढालीच्या मागे उजेड होता. खाली कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

कपाट आठ स्क्रूंनी बसवलेलं आहे. स्क्रू बाहेरच्या बाजूने आहेत.